पाठफुगी

४ मार्च

खोकी आली एकदाची. पोरीने स्वयंपाकघरातली सुरी दुकानात नेली, फरशीवर फतकल मारली आणि एकेक जॅकेट काढून स्वतःच्या खांद्याला लावून बघत बसली. मी काउंटरमागे उभी होते, चकार शब्द काढला नाही. माझं न बोलणं बोलण्यापेक्षा मोठ्याने ऐकू येतं, असं हे म्हणायचे.

पाणबुड्याचं जॅकेट म्हणजे अंगात घालायची हवेची पिशवी. बटण दाबलं की पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा तीत भरते आणि माणूस वर तरंगतो, हवा सोडली की खाली जातो. (बघा, वहीलासुद्धा शिकवायला लागले. जित्याची खोड.) आमच्या जुन्या जॅकेटात ही हवा कमरेभोवती, काखेखाली, छातीच्या दोन्ही अंगांनी फुगते. मागून येऊन कोणी घट्ट मिठी मारावी तशी. ह्या नव्यांत पुढे काहीच नाही, नुसते पट्टे. सगळी हवा पाठीवर. मी बघताक्षणी नाव ठेवलं, पाठफुगी.

"पाण्याखाली माणूस छान आडवा राहतो, आई. माशासारखा."

"आणि पाण्यावर?"

"पाण्यावर जरा पुढे झुकतो."

"झुकतो काय? तोंडघशी पडतो म्हण की."

"नीट शिकवलं तर नाही पडत."

नीट शिकवलं तर! मग इतकी वर्षं मी काय भाजी निवडत होते?

खरा झटका पुढे होता. आमच्या बुड्या शिकवायच्या शाळेत ह्यांचा एक नियम आहे. शिकणारा ज्यात उतरेल त्यातच शिकवणाराही उतरणार. नवखा माणूस पाण्यात कानांनी शिकत नाही, डोळ्यांनी शिकतो. आपला हात जिथे जातो तिथे त्याचा हात जातो. हे गेले त्याला चार वर्षं झाली, पण हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

"म्हणजे मलाही हेच घालावं लागणार?" मी विचारलं.

"बाबांचा नियम आहे ना?" असं म्हणून तिने खोक्यात डोकं घातलं ते बराच वेळ वर काढलं नाही.

नवऱ्याच्या काठीने लेकीने हाणलं. शेवटी ठरलं ते असं, की ही एक तुकडी पाठफुगीत शिकवायची. जमलं तर जमलं, नाहीतर जुनी जॅकेटं परत खुंटीवर.

तिला एक गोष्ट सांगितली नाही, ती इथे लिहिते. ही तुकडी माझी शेवटची असेल असं मनात घोळतंय. गेल्या वर्षीच्या ऑपरेशनपासून अंग माझं राहिलेलं नाही. जमिनीवर सगळं ठीक आहे. पाण्यात जॅकेट पूर्ण फुगवलं की छातीवर डावीकडे, जिथे आता नुसता व्रण आहे, तिथे कोणी अंगठा रोवून दाबतंय असं होतं. म्हणून मी अर्धीच हवा भरते आणि बाकीचं पायांनी भागवते. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी पाय तरी किती दिवस साथ देणार? शाळा सोडली तर मी उरते काय, हा प्रश्न आहेच. पोरीपुढे हा विषय काढायला जीभ उचलत नाही.

५ मार्च

जुनी जॅकेटं माळ्यावर टाकायच्या आधी गोड्या पाण्याने धुतली. ह्यांनी पांढऱ्या रंगाने काढलेले नंबर अजून शाबूत आहेत. चार नंबरच्या गळ्याला छत्रीच्या कापडाचं ठिगळ आहे. ते जॅकेट ह्यांचं स्वतःचं. पोरगी नऊ वर्षांची असताना ह्याच जॅकेटात बुडून जायची, पट्टे दोनदा गुंडाळले तरी ढिले. हे तिला मासोळी म्हणायचे. मासोळी जॅकेटातून निसटू नये म्हणून मी तिच्या छातीवरचा पट्टा आवळायचे आणि विचारायचे, "घट्ट नको ना?" ती ओरडायची, "अजून!"

आम्ही शिकलो तेव्हा ही जॅकेटंसुद्धा नव्हती. गळ्यात घालायचं केशरी रंगाचं एक लोढणं होतं, लहान मुलांच्या लाळेऱ्यासारखं. मी तेव्हा पोहण्याच्या तलावावर कपाटांच्या किल्ल्या द्यायच्या कामाला होते. मास्तर पाण्यात चार-पाच जणांना बुडी मारायला शिकवायचे आणि त्यातला एक जण शिकायचं सोडून डोक्याखाली हात घेऊन उताणा तरंगत राहायचा. एकदा मी काठावरून म्हटलं, "अहो, तलाव बंद व्हायची वेळ झाली." तर हे तसेच पडल्या पडल्या म्हणतात, "बसा ना. इथे बरीच जागा आहे." पुढच्या आठवड्यात मी त्या केशरी लोढण्यात होते आणि किल्ल्यांच्या खिडकीत दुसरीच मुलगी.

मग कधीतरी जॅकेटं निघाली. ह्यांनी हौसेने दोन आणली, तर मास्तर लालबुंद झाले. "गळ्यातल्याने माणसाचं तोंड आकाशाकडे राहतं, शुद्ध हरपली तरी! ह्या अंगरख्यात काय राहणार? पोरं बुडवाल!" आम्ही घरी पोचेपर्यंत हसत होतो. म्हातारा हट्टी आहे, आपल्या सवयीला चिकटलाय, नव्याला घाबरतो, असं काय काय बोललो. वर्षभरात मास्तर स्वतः जॅकेट घालून आले आणि जणू त्यांनीच ते शोधून काढलं अशा थाटात शिकवायला लागले.

आज हे सगळं आठवून जॅकेटं पिळता पिळता एकटीच हसले. बिचारे मास्तर. अर्थात त्यांची गोष्ट वेगळी आणि माझी वेगळी. माझं म्हणणं बरोबर आहे.

९ मार्च

तलावातला पहिला धडा झाला. तुकडीत दोघंच आहेत. एक दातांचा डॉक्टर, चाळिशीचा, प्रत्येक सूचनेला "ठीक ठीक" म्हणतो आणि काहीही ठीक करत नाही. दुसरी बेकरीवाली. माझ्याच वयाची, दणकट, हसली की सगळा तलाव घुमतो. आयुष्यभर भट्टीच्या तोंडाशी उभी राहिले, आता जरा गार ठिकाणी जाऊन बघते, म्हणाली. मला फार आवडली.

उथळ पाण्यात दोघांना उभं केलं, पाठफुग्या फुगवायला लावल्या आणि पाय उचलायला सांगितलं. दोघंही पालथे! डॉक्टर तर हात पसरून असा पडला की जणू तळाशी कोणाचा तरी दात शोधतोय. मी पोरीकडे बघितलं. लिहायला लाज वाटते, पण मनातल्या मनात मी टाळी वाजवली.

पोरीने तोंड वाकडं केलं नाही. दोघांच्या कमरेच्या पट्ट्यावरची शिशाची वजनं पोटाकडून काढून मागे, सिलिंडरच्या बाजूला सरकवली. थोडी हवा सोडायला लावली. "आता आरामखुर्चीत बसल्यासारखे मागे रेला, पाय पुढे," असं म्हणत प्रत्येकाच्या मानेखाली हात धरला. थोड्या वेळाने दोघंही सरळ तरंगत होते. बेकरीवाली ओरडली, "अगंबाई, हे तर अंथरूणच आहे!"

नशीब जोरावर होतं पोरीचं, दुसरं काय.

नियम म्हणून मीही पाठफुगीत होते. सवयीने अर्धीच हवा भरली आणि पाय मारत राहिले. पोरगी दोनदा म्हणाली, "आई, पूर्ण फुगवून बघ ना." मी म्हटलं, "मला नको शिकवूस." ती मान वळवून डॉक्टरकडे गेली. हल्ली फार चिडकी झालीय.

कपडे बदलायच्या खोलीत तिने माझी पाठ पुसून दिली. मी म्हटलं, डावीकडे सपाट झाल्यापासून पाण्यात वळायला उलट बरं पडतं बघ. असल्या विनोदावर हे खो खो हसले असते. पोरगी हसली नाही, टॉवेल मात्र पिळून पिळून कोरडा केला.

१२ मार्च

भाऊजींकडे सिलिंडर भरायला गेले होते. ह्यांचा हा धाकटा भाऊ, हवेचा पंप चालवतो आणि त्या पंपाइतकाच आवाज करतो.

"काय वहिनी, नव्या गादीवर झोप लागते का?"

"गादी कसली, पाठीवर कुबड. तुमच्या लाडक्या पुतणीच्या डोक्यात काय भरलंय तुम्हीच विचारा."

"मला काय विचारता? मला तिने नुसतं गिनिपिग केलं. हिवाळ्यात इथे चार कंपन्यांची जॅकेटं घेऊन आली. प्रत्येक माझ्या अंगावर चढवलं, फुटेस्तोवर फुगवलं आणि मग पट्ट्याखाली हात घालून माझ्या बरगड्या चाचपत बसली. इथे दाबतं का काका, इथे दाबतं का? डावीकडे जरा जास्तच. मी म्हटलं, बाई, मला गुदगुल्या होतात!"

आम्ही दोघंही हसलो. पोरगी बापावर गेलीय. तेही दोरीचा तुकडा घ्यायचा तरी दुकानभर ओढून बघायचे.

निघताना भाऊजी एकदम गंभीर झाले. "वहिनी, जरा ऐका तिचं." मी म्हटलं, ऐकतेय की, ऐकून ऐकून कान किटले. त्यांनी डोकं खाजवलं आणि पंप सुरू केला, मग पुढे बोलणं शक्यच नव्हतं.

१६ मार्च

आज खाणीत उतरलो. ही दगडखाण बंद पडून पाण्याने भरली तेव्हा ह्यांनीच ती शोधली. सभोवार सरळ कापलेले कडे, मधे हिरवं स्वच्छ पाणी, काठाला आमचा तरंगता धक्का. खाली सहा मीटरवर ह्यांनी लोखंडी पत्र्याचा मोठा ओटा बसवलाय. किती जण ह्या ओट्यावर शिकले! गुडघे टेकून ओळीने बसायचे, मी समोर बसायचे. मास्क काढा, घाला, पाणी फुंका. देवळात नसेल इतकी शांतता. पत्र्यावर गुडघ्यांनी घासून घासून चकचकीत झालेले पट्टे आहेत.

पोरगी म्हणाली, ओट्यावर बसायचं नाही. पाण्यात तरंगत असतानाच सगळं करायचं.

मला वाटलं, आता फजिती. पण जे बघितलं ते लिहायलाच हवं. डॉक्टर ओट्यापासून हातभर उंचीवर आडवा थांबला, एका ठिकाणी. बेकरीवाली त्याच्या शेजारी, हात पुढे जुळवलेले, पाय स्थिर, श्वासागणिक किंचित वर, किंचित खाली. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना हे जमायला वीस-पंचवीस बुड्या लागायच्या. पत्र्यावरचा गाळसुद्धा हलला नाही. तिने तसंच तरंगत मास्क काढला, घातला, फुंकला आणि मला डोळा मारला.

जळफळाट झाला, पण खरं ते खरं. पाण्याखाली पाठफुगीला तोड नाही.

वर येताना एकदा मागे बघितलं. ओटा रिकामा होता. ह्यांनी वेल्डिंग करताना मनगटावर चटका घेतला होता तो ह्याच ओट्यासाठी. आता त्यावर कोणी गुडघा टेकणार नाही. पाण्याखाली रडलेलं कोणाला कळत नाही हा आमच्या धंद्याचा एक फायदा आहे.

२३ मार्च

आज अपघात होता होता राहिला. पाठफुगीने घात केला. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

संध्याकाळ

सकाळी लिहिलं ते खरं नाही. पुन्हा लिहिते.

वारा सुटला होता, पाण्यावर लाटा होत्या. बेकरीवाली आणि मी एकत्र वर आलो. पोरगी डॉक्टरला घेऊन धक्क्याजवळ होती. बेकरीवालीच्या तोंडातून श्वासाची नळी सुटली, लाटेचं पाणी गेलं, ठसका लागला. तिने माझ्याकडे बघितलं. तसं बघणारे डोळे मी शेकड्याने बघितलेत. आणि माझ्या तोंडून ते निघालं जे इतकी वर्षं निघत आलंय. "हवा भर! हवा भर!"

जुन्या जॅकेटात हेच बरोबर होतं. घाबरलास? हवा भर. जॅकेट चहूकडून फुगतं, हनुवटी वर उचलतं. धक्क्याच्या फळीवर ह्यांनी हेच रंगवलंय, हातभर मोठ्या अक्षरांत.

पाठफुगीत हवा जास्त झाली की ती मागून ढकलते. बेकरीवालीने हवा भरली आणि तिचं तोंड पाण्यात गेलं. ती जास्त घाबरली. मी जास्त मोठ्याने ओरडले. तिने आणखी भरली. आणि मी काय केलं? मी तिच्यापर्यंत पोचले आणि तिचं बटण माझ्या अंगठ्याने दाबून धरलं!

पोरगी लांबून जीव तोडून ओरडत होती, "आई, सोड! हवा सोड! मागे रेलव तिला!" मला ऐकू येत होतं. शब्द कळतही होते. अंगठा मात्र उठत नव्हता.

शेवटी मी तिला सिलिंडरला धरून उताणी केली, तिचं डोकं माझ्या छातीवर ओढून घेतलं. व्रणावर. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तिचं तोंड वर राहिलं. धक्क्यावर ती बराच वेळ खोकत होती. मग श्वास लागला तशी म्हणाली, "खाणीतलं पाणी पावाच्या पिठाला चालणार नाही, फार खारट वाटतं." पाणी गोडं आहे. घाबरून तिने ओठ चावला होता, त्या रक्ताची चव.

चूक जॅकेटाची नव्हती. चूक करणारी मी. पोरीने माझं सामानसुद्धा स्वतःच धुऊन ठेवलं, त्याने जास्त लागलं.

२५ मार्च

पोरीला सांगून टाकलं. म्हटलं, तुझी पाठफुगी चांगली आहे. शिकवणारी जुनी झालीय. ही तुकडी तू पुरी कर, मी किल्ल्या सांभाळते. किल्ल्यांपासूनच सुरुवात केली होती, वर्तुळ पुरं झालं.

मला वाटलं वाद घालेल, किंवा सुटल्यासारखी दिसेल. दोन्ही नाही. ताटातलं अन्न चिवडत बसली. मग म्हणाली, "थांबायचं तर थांब. पण त्याआधी एकदा तलावात एकटी उतर. पूर्ण फुगव. पूर्ण, आई. माझ्यासाठी."

"त्याने काय होणार?"

"मग जे ठरवशील ते."

दुपारी बेकरीवाली स्वतः आली, गरम पाव कागदात गुंडाळून. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणते, "ते राहू दे. तुम्ही हवा भर म्हणालात, मी भरली. तुम्ही म्हणाला असतात खाण पिऊन टाक, तरी मी पिऊन टाकली असती. इतका भरवसा माणसाने कोणावर ठेवू नये खरं तर." आणि हसली. मग विचारलं, "परीक्षेची बुडी कधी? मला तुमच्याबरोबरच उतरायचंय. तुमची मुलगी चांगली आहे, पण ती घाबरलेली कधी दिसतच नाही. तिला बघून मला धीर येत नाही. तुम्हाला बघून येतो."



२७ मार्च

तलावावर कोणी नव्हतं. दिवे निम्मेच लावले होते. मी पाठफुगी चढवली, खोल भागात गेले, आणि बटण दाबलं. अर्ध्यावर अंगठा आपोआप थांबला. मग डोळे मिटून पुन्हा दाबला. पूर्ण भरेपर्यंत.

दुखलं नाही.

मी वाट बघत राहिले. तो अंगठा आता रुतेल, आता रुतेल. पुढे काही फुगलंच नाही तर रुतणार काय? छातीवर फक्त सैल पट्टा आणि पाणी. पुढे झुकायला लागले तशी पोरीने शिकवल्यासारखी मागे रेलले, पाय पुढे सोडले, आणि पाण्याने मला धरलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी पाय न मारता तरंगले. छताला दिव्यांच्या रांगा दिसत होत्या. आमच्या वेळेपासून तेच दिवे. मी डोक्याखाली हात घेतले, ह्यांच्यासारखे. इथे बरीच जागा आहे, खरंच आहे. मग जे रडले ते ह्यांच्यासाठी की गेल्या वर्षासाठी की नुसतं न दुखण्यासाठी, मला सांगता येणार नाही.

दुकानात परत येऊन पाठफुगी वाळत घालायला मागच्या खोलीत गेले. दारामागच्या खुंटीवर एक जॅकेट टांगलं होतं, त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. गळ्याला छत्रीच्या कापडाचं ठिगळ. चार नंबर.

ते मी स्वतः धुऊन माळ्यावर टाकलं होतं.

पोरगी सकाळी खाणीतले दोर तपासायला एकटी उतरते. पाठफुगीचे इतके गुण गाणारी माझी लेक कोणी बघत नसताना बापाच्या जुन्या जॅकेटात उतरते. म्हणजे तिलाही मिठीतच बरं वाटतं.

मग ही सगळी खोकी कोणासाठी?

खुर्चीवर बसले. भाऊजींच्या बरगड्या आठवल्या. डावीकडे जरा जास्तच. माझी पुसलेली पाठ, तो पिळलेला टॉवेल आठवला. पूर्ण फुगवून बघ ना, आई. माझे पाय किती जोरात चालतात हे तिला ऑपरेशननंतरच्या पहिल्या बुडीपासून दिसत होतं. आणि तिने मला एकटीला वेगळं जॅकेट दिलं असतं तर मी ते तोंडावर फेकलं असतं. शिकणाऱ्याच्या अंगावर एक आणि माझ्या अंगावर दुसरं? ह्यांचा नियम! तो मी मोडणार नाही हे ती जाणून होती. म्हणून माझं एक जॅकेट बदलायला तिने सगळी शाळा बदलली.

आणि मी तिला चिडकी म्हटलं.

३० मार्च

परीक्षेची बुडी झाली. धक्क्यावरची फळी मी पहाटे जाऊन पुसली. ह्यांची अक्षरं सहज निघेनात, पण रंग पुसायचं तेल बाटलीभर नेलं होतं. त्यावर माझ्या वेड्यावाकड्या अक्षरांत नवं लिहिलं, "पाठ टेक!"

वर आल्यावर लाटा होत्याच. बेकरीवालीने माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर जुनी हाक आली होती, ती गिळली. "पाठ टेक!" म्हणून ओरडले आणि स्वतः रेलून दाखवलं. तिचा हात बटणाकडे निघाला होता. माझ्याकडे बघून थांबला. ती रेलली. दोघी लाटांवर खालीवर होत पडून राहिलो. ती म्हणाली, "भट्टीपासून फार लांब आले बाई मी." डॉक्टर पलीकडे "ठीक ठीक" म्हणत होता आणि ह्या वेळी खरंच ठीक होता.

दोघंही पास झाले. बेकरीवालीने मला मिठी मारली आणि मी ओरडले तेव्हा घाबरून सोडली. मग आम्ही हसत सुटलो.

सामान धुताना पोरगी म्हणाली, "जुनी जॅकेटं कोणाला देऊन टाकायची का? माळ्यावर जागा अडते."

"देऊन टाक. चार नंबर सोडून."

तिचा हात थांबला. "का?"

"तुला लागतं म्हणून."

ती सिलिंडरचा पट्टा आवळत बसली, जो आधीच आवळलेला होता. मग खाली बघूनच म्हणाली, "तुला कसं कळलं?"

"ओलं होतं."

मी नळ बंद केला. मग मी विचारलं, "पुढची तुकडी कधीपासून?" ती माझ्याकडे बघतच राहिली. एवढी मोठी बाई झालीय, पण चेहरा तोच, जॅकेटात बुडालेल्या मासोळीचा. "तुला थांबायचं होतं ना?" म्हणाली. मी म्हटलं, होतं. तिने मला कमरेला धरून ओल्या कपड्यांनी भिजवलं.

६ एप्रिल

नवी तुकडी, तिघं जण. सकाळी धक्क्यावर पोरगी पाठफुगी चढवत होती. मी दुकानातून चार नंबर घेऊन आले आणि तिच्यापुढे धरलं.

"आई, नियम?"

"नियम मोडला. शिकवणाऱ्या दोघी आहेत, एकीने पाळला की पुरे. बाबांना मी सांगेन वर गेल्यावर."

"मुलं विचारतील दोन दोन प्रकार का म्हणून."

"विचारू देत."

तिने हात घातले. आता ते तिला नेमकं बसतं. छातीवरचा पट्टा मी लावला, तिने लावू दिला.

"घट्ट नको ना?"

तिने तिघा नवख्यांकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाली, "अजून."

मी आवळला. मग दोघींनी उड्या मारल्या.